गाडी उजवीकडे ओढते

माझ्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडली की ती सरळ चालते. हे मी पाटीवर लिहिलेलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. चाकांचं अलाइनमेंट म्हणजे माझा हातखंडा. म्हणून एकच गाडी एका महिन्यात तिसऱ्यांदा त्याच तक्रारीसाठी परत आली तेव्हा माझं डोकं फिरलं. त्यात ती गाडी दाजींची, म्हणजे फिरलेलं डोकं दाखवायचीही सोय नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. स्कूल म्हणजे एक टेबल, एक फळा आणि ही पांढरी गाडी, डाव्या सीटपुढे जादा ब्रेक आणि क्लच बसवलेली. माणूस सोन्यासारखा, पण स्कूलच्या बाबतीत कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं की ते बोट माझ्याकडे वळवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

"मेहुणे," गाडीतून उतरता उतरता ते म्हणाले, "अजून उजवीकडे ओढते."

"काल मी स्वतः चालवली, दाजी. सरळ जात होती."

"माझ्याही हातात सरळच जाते. टेस्टला गेली की उजवीकडे. परवा तिघं नापास झाले आणि तिघांच्या कागदावर एकच शेरा, 'वाहन उजवीकडे सरकते.' शिकणाऱ्यांचा दोष असता तर एक डावीकडे गेला असता, एक गटारात गेला असता. तिघंही उजवीकडे जातात म्हणजे दुखणं गाडीचंच."

बोलणं बिनतोड होतं, आणि मला त्याचाच राग आला.

त्या तिघांत माझी बायकोही होती. तिची ही दुसरी खेप. पाळणाघराच्या बाईंनी तिला मुलांची ने-आण करणारी गाडी चालवायला बोलावलं होतं. लायसन्स मिळालं की लगेच कामावर ये, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते, असं त्या म्हणाल्या होत्या. आता तिसरी टेस्ट मंगळवारी. त्यात नापास झाली तर पुढची तारीख महिन्याभरानं आणि जागा दुसऱ्या कुणाच्या पदरात.

"बारा वर्षं तुमच्या गॅरेजचे फोन घेतेय," बायको मला म्हणाली, "लोकांना त्यांच्या गाड्या झाल्या म्हणून सांगतेय. आता एक गाडी मला चालवायची आहे, आणि नेमकी तीच तुम्हाला सरळ करता येत नाही?"

परक्याचं बोलणं मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडतो. हे बोलणं लागलं. रात्री जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी लिफ्टवर घेतली. चारही टायरमधली हवा पाहिली, बरोबर. पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले, फरक नाही. एका बाजूचा ब्रेक चिकटत असेल तर ते चाक तापतं, म्हणून दोन फेऱ्या मारून चाकांना हात लावून पाहिला. सगळी सारखीच कोमट. स्टिअरिंगचे सांधे घट्ट, बेअरिंग मुकी. अलाइनमेंट तर असं, की मीच मला शाबासकी दिली. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला जरा उतरता असतो. धडधाकट गाडीचं स्टिअरिंग सोडलं तर ती किंचित डावीकडेच जाते. उतार चढून उजवीकडे जायची हौस असलेली गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"दाजी, शिकवताना कशी जाते?"

"सुतासारखी. मी शेजारी असलो की गाडी शहाण्यासारखी वागते."

"आणि टेस्टला तुम्ही कुठे असता?"

"आरटीओच्या फाटकाशी उभा. जुने साहेब मागे बसायचे, मी पुढे. तेव्हा वीस वर्षांत एक नापास नाही. हे नवे साहेब मला उतरवतात आणि स्वतः माझ्या जागी बसतात. मला विचाराल तर हा त्यांच्या वजनाचा परिणाम आहे. चांगले भरभक्कम आहेत."

"अहो, ते डावीकडे बसतात. वजनानं गाडी डावीकडे झुकेल."

"मग तुम्हीच सांगा! मेकॅनिक तुम्ही."

शेवटी मी डाव्या सीटवर चार जुन्या बॅटऱ्या ठेवल्या, त्यांना पट्टा बांधला आणि इन्स्पेक्टरसाहेब समजून गावभर फिरवलं. गाडी सरळ. दोन ओळखीचे लोक थांबून बघत राहिले, तेवढाच काय तो फायदा.

रविवारी मी ठरवलं की आता शिकवणीच बघायची. बायको स्टिअरिंगवर, दाजी शेजारी, मी मागच्या सीटवर. काही कुरकुर ऐकू येते का म्हणून मान पुढे काढून बसलो. बायको छान चालवत होती, पण तिच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. सरळ रस्त्यावर एवढा जोर कशाला? मी अजून पुढे वाकलो. दाजींचा उजवा हात स्टिअरिंगच्या डाव्या कडेवर होता. दोनच बोटं, अलगद, पण हाताचा सगळा भार त्या बोटांवर. तो भार गाडीला डावीकडे ओढत होता आणि माझी बायको तेवढ्याच जोरानं तिला उजवीकडे धरून होती. दोघांच्या ओढाताणीत गाडी सुतासारखी सरळ चालली होती.

मला एकदम हसू आलं, ते मी गिळलं. हे दाजींना सांगणार कोण? घरच्या जावयाला कुणी तोंडावर चूक सांगत नाही, आणि सांगितलीच तर ताई मला उभा चिरेल.

"दाजी, एक शेवटचा उपाय करू," मी म्हणालो. गाडी गॅरेजपाशी थांबवली, आतून स्टीलचं ताट आणलं आणि त्यात मूठभर बेअरिंगचे छर्रे टाकले. "हे दोन्ही हातांनी मांडीवर सपाट धरा. छर्रे कुठे घरंगळतात त्यावरून गाडीचा कल कळतो. नजर हलवायची नाही, हात सोडायचा नाही."

असलं काही नसतं. पण दाजींना शास्त्राबद्दल फार आदर. त्यांनी ताट असं धरलं की जणू त्यात लहान मूल निजलंय.

बायकोनं गाडी काढली. "मधे," दाजी सांगू लागले. "मधेच आहेत. अजून मधे..." आणि गाडी निघाली ती थेट दुभाजकाकडे.

"गाडी उजवीकडे!" दाजी आनंदानं ओरडले. "बघा मेहुणे, सगळे छर्रे... अगं ब्रेक! ब्रेक!"

बायकोनं ब्रेक दाबला. छर्रे गाडीभर झाले.

गाडी कडेला लावून मी सांगून टाकलं, जमेल तितकं हळू. दाजींनी स्वतःच्या उजव्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो हात आत्ताच कुणीतरी आणून लावलाय.

"माझा हात? माझा हात गिअरवर असतो."

"नाही हो दाजी, स्टिअरिंगवरच असतो," बायको म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, शिकायच्या गाडीला तो असतोच."

दाजींनी रिकामं ताट पायाशी ठेवलं. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी एक शिकाऊ माणूस समोरच्या ट्रकवर चालला होता. मी ऐन वेळी स्टिअरिंग ओढलं, म्हणून वाचलो. तेव्हापासून हात जात असेल." त्यांनी विचारलं, "म्हणजे मेहुणे, माझ्या हाताखालून एवढी माणसं पास झाली, त्यांच्या टेस्ट मीच दिल्या की काय?"

एरवी मी असली संधी सोडत नाही. पण त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. मी खाली वाकून छर्रे वेचत बसलो.

"ती माणसं आज चालवतायत ना?" बायको म्हणाली. "मग शिकलीच असणार. पण मला मंगळवारी तुमच्याशिवाय जायचंय, दाजी. दोन दिवस आहेत. तुम्ही हात आवरा, मी माझा जोर आवरते."

दाजी शब्दाचे पक्के. संध्याकाळी हजर झाले ते उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून. मोकळा ठेवला की आपोआप जातो, म्हणाले. समोरून ट्रक आला की झोळीतला हात पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडायचा, पण गाठ ताईनं मारलेली असल्यामुळे सुटायचा नाही. गावात बातमी पसरली की दाजींचा हात मोडला. दोघाजणांनी तर मीच मोडला असं ताईला सांगितलं. बायको आधी दहा वेळा उजवीकडे गेली, मग पाच वेळा, आणि सोमवारी संध्याकाळी एकदाही नाही.

मंगळवारी इन्स्पेक्टरसाहेब दाजींच्या जागी बसले आणि गाडी फाटकाबाहेर पडली. मी आणि दाजी कुंपणाला नाक लावून उभे. साहेब खरंच भरभक्कम होते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी दाजींनी माझा दंड पकडला आणि ती परत दिसेपर्यंत सोडला नाही. परत आली ती आपल्या बाजूनं, सरळ, एका लयीत. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, उतरले, आणि बायकोनं खिडकीतून आमच्याकडे बघून फक्त मान हलवली. ही बाई लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी खूश दिसली नव्हती.

दाजींनी झोळी काढली आणि त्या झोळीनंच डोळे पुसले. "मेहुणे, तुम्ही पुढे बसा," ते म्हणाले. "मी मागे बसतो. या गाडीत मागे बसून कसं वाटतं ते मला माहीतच नाही."

आम्ही निघालो. मी डाव्या सीटवर ऐटीत टेकलो होतो. गाडी माझ्या हातची सरळ, बायको पास, आणि दोष कुणाचा तेही सिद्ध झालेलं. पुलावर समोरून एक लांबलचक ट्रक आला. बायको शांतपणे आपल्या बाजूनं चालली होती, मध्ये दोन हात जागा होती, भिण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं.

गाडी एकदम डावीकडे झुकली. बायकोनं सावरली आणि माझ्या हातावर सणसणीत फटका दिला.

"मेहुणे," मागून दाजी अगदी हळू म्हणाले, "झोळी हवीय का?"