लाल दोरा

खोटं मीच बोलले. पोलिसाला सांगितलं, तुमालाही सांगते.

मी नर्मदाबाई. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर आमचं वावर हाय. हरिओम माझा एकुलता एक. लय हट्टी! जेसीबीनं नदीतली वाळू चोरायचा अन् मी बोलले की म्हनायचा, "आई, तू गप बस." एक दिवस हे पोरगं जेलात जाणार न्हाईतर मरणार, हाच घोर लागलेला मला.

त्यात विद्यापीठातून राजनंदिनी आली. आमच्या दरडीत शिंपल्यांचा हातभर थर हाय. हजारो वर्सांमागं माणसं नदीतले शिंपले खाऊन तिथंच टाकायची म्हणे. दोन महिने ही पोरगी बारक्या ब्रशनं तो थर झाडायली. मला म्हनाली, "मावशी, वर काळी माती, मधे शिंपले अन् खाली नुसती भुसभुशीत वाळू. कडेला जड काही आणू नका, दरड खचेल." कडेपासून दहा हात आत तिनं खुंट्या ठोकल्या, लाल दोरा बांधला. त्याच्या पुढं कुणी जायचं न्हाई.

हरिओमनं विचारलं, "ह्यो दोरा कशाचा?"

मला वाटलं, बरी संधी हाय. म्हनले, "तहसीलची मोजणी हाय. वाळू किती गेली ते काढायलेत. आता तरी नदीत उतरू नको."

वाटलं, भिईल. करायला गेले एक अन् झालं भलतंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी अन् राजनंदिनी दरडीच्या खाली थरापाशी होतो, तवा तो जेसीबी घेऊनच आला. वर दोऱ्याच्या अलीकडं उभा केला, लोखंडी पाईप घेऊन खाली उतरला अन् काही न विचारता राजनंदिनीच्या मनगटावर हाणला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"कुणाची वाळू मोजायलीस?"

"दादा, मी शिंपले बघते! वाळूशी माझा काय संबंध?"

"खोटं बोलतीस? आई म्हनली तहसीलची हाय!"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली. त्यानं पुन्हा पाईप उचलला तवा तळपायाची आग मस्तकात गेली. खोरं घेतलं अन् पोटच्या पोराच्या कपाळावर घातलं. रक्ताची धार लागली. त्यानं ती बाहीनं पुसली.

"आता तुमची दरडच ठेवत न्हाई," म्हनला अन् वर चढला.

मी पोरीला बखोटीला धरून बाजूला ओढलं. जेसीबी सुरू झाला.

"हरिओम, दोरा ओलांडू नको रं!"

"तुझ्या तहसीलदाराला बोलव जा!" तो वरून वरडला.

दोरा तुटला. पुढची चाकं कडेवर आली अन् दरड बसली. जेसीबी उलटा झाला, त्याच्यावर माती, शिंपले, वाळू सगळं आलं.

राजनंदिनीनं एका हातानं टिकाव उचलला. ज्या थराला दोन महिने ब्रशनं झाडायची, त्याच्यावर सपासप घाव घालायली, रडायली. मी हातानं उकरत होते. शिंपल्यांनी बोटं फाडली, तरी उकरत होते. वावरातली माणसं धावत आली तवा कुठं तो सापडला.

तोंडात वाळू गच्च भरलेली. डोकं मांडीवर घेतलं, बोटानं एकेक घास काढला. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हनले, "लेकरा, तो दोरा तहसीलचा न्हवता रं."