शेला धुतला त्या दिवशी

मी एक जुना शेला आहे. तपकिरी, बारीक फुलांचा, बाळ कडेवर बांधायचा. खरं सांगू का मित्रांनो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. कारण हे सांगायचं तर चूक कुणाची तेही सांगावं लागतं, आणि जिची चूक ती रोज माझी प्रेमाने घडी घालते. पण जेरुकला, आमच्या कुत्र्याला, बोलता येत नाही. मग त्याचं कोण सांगणार?

वार्तिनीने मला बांगलीच्या बाजारातून आणलं, तेव्हा तिला सातवा महिना होता. पुढे सेकर झाली. आमच्या बेटावर बाळाचे पाय पहिले तीन महिने जमिनीला लागू देत नाहीत. तिसऱ्या महिन्याची पूजा झाली की मगच पाय टेकवायचे. तोवर सेकर माझ्यातच असायची. तिची जमीन मीच होतो म्हणा ना. दूध, घाम, खोबरेल, वार्तिनीच्या केसातली फुलं, सगळं माझ्यात मुरलं.

सेकर सात वर्षांची झाली आणि वार्तिनी तुर्कस्तानात गेली. तिथल्या हॉटेलात मालिशचं काम. आमच्या गल्लीतल्या चार बायका आधीच गेल्या होत्या. दोन वर्षांचा करार होता, त्याची तीन वर्षं झाली. जाताना तिने मला सेकरच्या उशाशी ठेवलं. सेकर मला नाकाशी धरून झोपायची. मला कुणी धुवायचं नाही, हा तिचा नियम. घरात सगळ्यांना वाटायचं, पोरीचा हट्ट आहे झालं.

मग तिचा बाप सुकार्ता एकदा म्हणाला, "तुला पिल्लू आणू या. चांगलं, डोंगरावरचं."

आजी दार्मी लगेच म्हणाली, "कुत्रं विकत आणायचं? गल्लीत फुकट मिळतात. दोन तर माझ्याच चुलीपाशी झोपतात."

"ती झोपतात फक्त, आई."

"मग तू काय करतोस?"

पण सुकार्ताने ठरवलं होतं. त्यानंतर पिल्लाचं काहीही दोघं बापलेक आजीसमोर बोलेनात. उगीच कटकट नको म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा.

डोंगरावरच्या सुकावाना गावात थंडी असते, म्हणून सेकरने मला गळ्याला गुंडाळलं होतं. कुत्री पाळणारा नेंगाह रावी म्हणजे स्वेटर घातलेला, दात पडलेला म्हातारा. त्याची संत्र्यांची बाग आणि बागेच्या बांधात कुत्रीने स्वतः उकरलेलं बीळ. ती पांढरीशुभ्र, नाव पुतिह. बिळाच्या तोंडाशी बसून आमच्याकडे बघत होती. चार पिल्लं.

सुकार्ताने टाळी वाजवली. एक गुबगुबीत पिल्लू धावत आलं. "हेच. बघ कसं धीट आहे."

"ते सगळ्यांकडेच धावतं," रावी म्हणाला. "चोराकडे पण जाईल."

सेकर खाली बसली. माझं टोक मातीत लोंबत होतं. भगव्या कानांचं एक बारकं पिल्लू आलं आणि मला हुंगायला लागलं. बाकीची आली, गेली. हे एका जागी बसून हुंगतच राहिलं.

"हे," सेकर म्हणाली.

"सगळ्यात रोडकं निवडलंस," बाप म्हणाला.

"बाबा, ते वाचतंय."

रावी हसला. "आता नाही नेता यायचं. अजून चार आठवडे आईजवळ राहू दे. अन् एक करा. घरचं एक वापरलेलं फडकं ठेवून जा. मी बिळात अंथरतो. त्याला आईचा वास लागतो. पिल्लू घरी गेलं की तेच खाली घालायचं, म्हणजे रडत नाही. धुवायचं मात्र नाही."

सेकर मला गळ्यातून सोडवायला लागली.

"तो नको गं," सुकार्ता म्हणाला. "आईचा आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्याला दोघी आयांचा वास येईल."

मित्रांनो, त्या बिळातले चार आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात घाणेरडे आणि सगळ्यात चांगले. पिल्लं माझ्यावर मुतली. एका कोपऱ्याची तर वाटच लावली. पण पुतिह आली की माझ्यावर आडवी व्हायची, आणि ओल्या मातीचा, दुधाचा, उन्हात तापलेल्या केसांचा वास माझ्यात उतरायचा. खाली वार्तिनी होतीच. दोघी आया एका कापडात मावल्या, मला काही जड झाल्या नाहीत.

गालुंगानच्या सणाला पाच दिवस होते. रावीने संत्र्यांच्या ट्रकबरोबर मला पुढे पाठवलं. पिल्लाची जागा आधीच तयार करा, असा निरोप होता. सेकरने धान्याच्या कोठाराखाली खोकं ठेवलं, पेंढा घातला, नारळाच्या करवंटीत पाणी भरलं, मला वर अंथरलं. मग शाळेत गेली. सुकार्ता पिल्लू आणायला डोंगरावर गेला.

आजी अंगण झाडत कोठाराशी आली.

सणाला पितर घरी येतात. आणि घरात हे? सुनेचा शेला, चिखल आणि मुतात बरबटलेला? तिने मला उचललं. बडबडत होती, "काय पोरगी आहे, आईची आठवण अशी टाकतात का?" खरं म्हणजे तिला पोरीला खूश करायचं होतं. नवाकोरा करून उशाशी ठेवायचा. ओढ्यावर नेऊन तिने मला तीनदा साबण लावला. लिंबू चोळलं. दगडावर आपटलं. मी ओरडलो असतो, पण शेल्याला कुठे तोंड असतं? फेस पाण्याबरोबर गेला. त्यातच त्या दोघी गेल्या.

दुपारी सुकार्ता परतला. सेकर शाळेतून येऊन वेशीवरच उभी होती. त्याच्या कुशीत जेरुक. जेरुक म्हणजे संत्रं; संत्र्याच्या बागेत जन्मला म्हणून हे नाव.

"पुतिह गेली," तो हळूच म्हणाला. "आज सकाळी. कुणीतरी बागेत उंदरांचं विष ठेवलं होतं. रावीकाका रडत होता गं. म्हणाला, शेला आहे ना तुमच्याकडे, आता ती त्यातच आहे."

दोघं अंगणात आले. मी दोरीवर वाळत होतो. साबणाचा घमघमाट.

मग सुकार्ताने मला काढून जेरुकसमोर ठेवलं. त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगलं. परत हुंगलं. मग लांब जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

सेकरने मला उचललं आणि तोंड खुपसलं. ती पुतिहला शोधत नव्हती.

"मला कुणी सांगितलं नाही," आजी म्हणाली. तिच्या हातात झाडू तसाच होता. "एक शब्द सांगितला असतात."

 

जेरुक दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने मला घेतलं, खांद्यावरून गाठ मारली आणि त्याला माझ्यात घातलं. कुत्र्याला कधी हात न लावलेली बाई ती. त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरत भात आणि अंडं बोटाने चाटवत राहिली. पाय खाली टेकूच देईना.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "दार्मी, नवा नातू का गं?"

"हो. तुझ्या नातवापेक्षा कमी रडतो."

तेव्हा तो थोडं जेवला.

सणाच्या दिवशी वार्तिनीचा फोन आला. करार अजून दोन वर्षं वाढलाय म्हणाली. सेकर रडली नाही. फक्त विचारलं, "आई, तू कुठला साबण लावतेस?"

"हॉटेलचा असतो गं, दर महिन्याला वेगळा. का?"

"काही नाही."

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात कुणाचं जुनं, मळकं काही दिसलं तर धुण्याआधी एकदा विचारा. आणि ज्याने जपलंय त्यानेही सांगावं. न सांगता जपलेलं असं जातं.

जेरुक आता मोठा झालाय. दुपारी माझ्यावर झोपतो, पण आधी एकदा हुंगतो. अजून. माझ्याकडे त्याला द्यायला पुतिह नाही. पण सेकर रोज त्याच्याशेजारी माझ्यावर बसून अभ्यास करते, तिच्या हाताची शाई, तिचा घाम हळूहळू माझ्यात उतरतोय. तीही कधीतरी मोठी होईल, आणि आमच्या गल्लीतल्या पोरी मोठ्या झाल्या की विमानात बसतात.

जेरुक, मित्रा, ऐक. त्या दिवशी तू मला हुंगशील ना, तेव्हा सेकर तुला सापडेल. आता मला कुणी ओढ्यावर न्यायला आलं तर मी खिळ्याला अडकेन, फाटेन, पण जाणार नाही. हा माझा शब्द.