वाकलेली पिन

आखातात वर्ल्ड कपच्या स्टेडियमकडे जाणारा रस्ता खोदताना वाळूत एक सांगाडा सापडला. पाठीला कॅनव्हासची पिशवी, छातीवर पट्टे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी विमानातून उडी मारलेला कुणी वैमानिक असावा. हाडं पोलिसांनी नेली. पिशवी एका खासगी संग्रहालयाने घेतली आणि त्यांच्यासाठी ती उघडून घ्यायला साइट इंजिनिअर अरुणकुमार रुकैयाकडे घेऊन आला.

रुकैया मूळची रत्नागिरीची. शहरातल्या बिन महमूद भागात, फ्लॅटमध्ये शिवणकाम करायची. तंबूंचं जाड कापडही तिच्या मशीनवर यायचं.

"भाभी, आत पॅराशूट आहे. न फाडता उघडायचं."

"त्याचं उघडलंच नाही?"

"नाही ना. कडी ओढायला उशीर झाला असेल."

तो गेल्यावर तिने पिशवी टेबलावर घेतली. दुपारचे तीन वाजले होते. कडी हातात आली आणि ती थबकली. कडीच्या तारेचे पेड ओढून ओढून तुटले होते. उशीर झालाच नव्हता. माणूस खाली येईपर्यंत ओढत राहिला होता. तारेच्या दुसऱ्या टोकाची, पिशवी बंद ठेवणारी पिन वाकून अडकली होती.

"या अल्ला," ती पुटपुटली. पकडीने पिन सरळ केली आणि उपसली.

रेशीम आपणहून बाहेर आलं. खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता, तरी ते फुगत छताला टेकलं. दोऱ्या ताणल्या. रिकामे पट्टे टेबलावरून उचलले गेले आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर लोंबकळत राहिले. त्यांत वजन होतं. कुणीतरी धापा टाकत होतं.

रुकैया दाराकडे वळली, पण परत फिरली. मग तिने दोन्ही हातांनी पट्टे धरले. अंगासारखे गरम लागले.

"हळू," ती म्हणाली. "जमीन आली. टेकव पाय."

वजन तिच्या हातांतून हळूहळू खाली उतरलं. गंजून घट्ट बसलेली बक्कलं एकेक करत आपोआप उघडली. रेशीम मिटून तिच्या अंगावर पडलं.

संध्याकाळी मुलगी सबीहा क्लासहून आली, तेव्हा रुकैया अजून खुर्चीत बसून होती. पिशवीतून सांडलेल्या वाळूकडे बघत सबीहाने विचारलं, "मम्मी, हू वॉज स्टँडिंग हिअर?"

वाळूत दोन बुटांचे ठसे होते. टाचा टेबलाकडे, चवडे दाराकडे.

रुकैया उठली. तिने दार उघडलं आणि बराच वेळ उघडंच ठेवलं.