थांबवलेली ओटी

प्रचाराच्या दिवसांत चाकूरजवळच्या वाडीवर केवळाबाई ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या, तेव्हा सौदामिनीताईंनी त्यांचा हात हलकेच धरला. "आत्ता नको. चाकूरला बायांचा दवाखाना उभा राहील, त्या दिवशी तुमच्याच हातून घेईन."

केवळाबाईंची थोरली सून बाळंतपणाला लातूरला नेताना जीपमध्येच गेली होती. वाडीवरच्या बायांनी तो शब्द मनात धरला. ताई निवडून आल्या. त्यानंतर हळदीकुंकू असो, लग्न असो, देवीचं देऊळ असो, कुणी ओटी भरायला आलं की त्या कुंकू लावून घेत आणि हात जोडत.

पक्षाला यंदा असं बहुमत मिळालं, की सत्तेची बाकं अपुरी पडली. आता काय अडणार, असं ताईंना वाटलं. अडलं ते त्यामुळंच. धर्माबादकडचे हणमंतराव निकालानंतर पक्षात आले. येताना त्यांनी मंत्रिपदही मागितलं आणि दवाखानाही. चाकूरला मंजूर झालेला दवाखाना तिकडं वळला. बैठकीत ताई उठून बोलल्या. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा विषय घेतला. काठावरचं सरकार असतं तर एका आमदाराचं रुसणंसुद्धा जड गेलं असतं. इथं त्या रुसल्यात हेच कुणाला कळलं नाही. संध्याकाळी आमदार निवासातल्या खोलीत निरांजन लावून त्या बसल्या, तर शेजारच्या खोल्यांतून हसण्याचे आवाज येत होते.

मग नांदेडला महिला मेळावा ठरला. सगळ्या आमदारांनी यायचंच, असा निरोप आला.

"ताई, तब्येत बरी न्हाई म्हणून कळवू का?" गाडी काढताना बसवराजनं विचारलं. तो त्यांचा ड्रायव्हर, वाडीच्याच बाजूचा.

"खोटं कशाला बोलायचं? जाऊ या."

व्यासपीठावर हणमंतरावांनी माईक हातात घेतला. "आमच्या ताई लई जिद्दी! दवाखाना होईस्तवर ओटी घेणार न्हाई म्हणल्या. घ्या ताई, दिला सरकारनं दवाखाना! चाकूर काय अन् धर्माबाद काय, बाया तर आपल्याच ना?"

टाळ्या वाजल्या. दोघीजणी ताट घेऊन पुढे आल्या. खण, नारळ, गहू, हळकुंड. ताईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला, पुढे केला नाही. पण समोर आलेल्या धान्याकडं, नारळाकडं पाठ कशी फिरवायची? जन्माची सवय. बोटं नारळाला लागली, कपाळाला लागली, मान आपोआप खाली गेली. तेवढ्यात कॅमेरे चमकले.

"माझी ओटी अजून राहिली आहे," त्या म्हणाल्या. पण माईक हणमंतरावांकडं होता.

त्यांनी माईकवर तळवा ठेवला. "घ्या की ताई, फोटोपुरतं."

"नाही, हणमंतराव."

"बरं, नका घेऊ." ते हसले. "एवढ्या गर्दीत एक पदर मागं राहिला, कुणाला दिसतंय?"

परतताना ताईंनी गाडी वाडीकडं घ्यायला सांगितली. केवळाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. बाजूला कुणाचा तरी फोन पडलेला. त्यावरचा मेळाव्याचा फोटो वाडीवर सगळ्यांचा पाहून झाला होता.

"या बाई. पाणी घ्या." ताई शाळेत शिकवायच्या, तेव्हापासूनची हाक.

"केवळाबाई, मी ओटी घेतली नाही."

"फोटू आलाय की."

ताईंनी पाहिलं. हात नारळावर, मान खाली, समोर ताट. कुणीही म्हणालं असतं, घेतली.

"नमस्कार केला फक्त. पाठ फिरवता येईना."

केवळाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. "तेबी खरं हाय. नारळ म्होरं आला तर मीबी शिवले असते. न्हाई घेतली तुमी, मानलं." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "पर घेतली अस्ती तरी दवाखाना तिकडंच, न्हाई घेतली तरी तिकडंच. आमाला काय फरक पडला, बाई?"

दारात धाकटी सून वर्षाराणी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हिचे दिवस भरत आले. तुमी आमच्यापायी ओटी थांबवून राहिलात, लई मोठं मन तुमचं. पर अवेळी कळा आल्या तर गाडी कुठनं आणू, तेवढं सांगा."

ताईंनी बसवराजकडं पाहिलं. "तू इथंच थांब. गाडीसकट. हिचं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत."

"अन् तुमी ताई?"

"एसटी आहे की."

"आमदार एसटीनं?" केवळाबाई पहिल्यांदा हसल्या. "लोक येडं म्हणतील वं बाई."

"म्हणू द्या."

फाट्यावर मिळालेली एसटी गच्च भरलेली होती. "मधी उभं राहू नका बाई, पुढं सरका," कंडक्टर ओरडला. आमदारांसाठी राखीव असं लिहिलेल्या बाकावर एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. ताई तिच्याशेजारी दांडी धरून उभ्या राहिल्या. पर्समध्ये फोन थरथरत होता. ओटी स्वीकारल्याबद्दल अभिनंदन, अभिनंदन.

"बसा की मावशी," ती बाई लेकराला आवरत सरकली. "कुठं गेल्तात?"

"नांदेडला. कामाला."

"झालं का मग काम?"

"नाही झालं."

"हुईल की," ती म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड करून लेकराला थोपटू लागली.