निळ्या खुर्चीची करामत

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी आतल्या दाराजवळची निळी खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर बायका हात जोडून उभ्या. जी तिच्यावर बसली तिच्या घरी पाळणा हललाच, अशी आठवडाभरात हवा झाली होती!

शेजारी दवाखान्याचा चौकीदार ऐटीत उभा. परवापर्यंत गाड्या लावणारा हा गडी आता खुर्चीनाथ झाला होता. "कारण विचारू नका, ताई, गुण बघा! वर्षभर बघतोय, हिच्यावर बसलेली एकही बाई रिकाम्या हाताने गेली नाही!"

"ऐकलंस?" सासूबाईंनी सुनेला कोपर मारलं. "उगाच माझ्या लेकाची तपासणी काढलीस. पुरुषाची कसली मेली तपासणी? तू बस, झालं!"

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं तिनेच सुया टोचून घेतल्या, गोळ्या गिळल्या. 'आता नवऱ्याला तपासू द्या,' असं डॉक्टरबाई घसा फोडून सांगत होत्या. आज कुठे तो आला होता, तर खुर्चीचं नाव ऐकताच त्याचा चेहरा खुलला. "आई म्हणते तर बसून बघ ना," तो पुटपुटला. तिला रडूच आलं.

"अशी बस, नीट टेकून!" म्हणत सासूबाईंनी स्वतःच बसून दाखवलं.

"अहो आजी, उठा! या वयात दिवस जायचे!" बायका ओरडल्या. सासूबाई चटका बसल्यासारख्या उठल्या.

गलका ऐकून नर्स बाहेर आली. "हे काय चाललंय? ती सोनोग्राफीची खुर्ची आहे. मोकळी करा!"

"सिस्टर, एरवी हिच्यावर कोण बसतं?" सुनेने विचारलं.

"गरोदर बायका. आधी लघवीची तपासणी. दिवस गेलेत असं कळलं, की सोनोग्राफीसाठी इथे बसवते. आणि दुपारी आमचे चौकीदार घोरतात."

सुनेला हसू आवरेना. "म्हणजे बसल्याने दिवस जात नाहीत, दिवस गेले म्हणून बसायला मिळतं! आणि खुर्चीनाथ, तुम्हाला कितवा महिना?"

खुर्चीनाथांचा हात नकळत पोटावर गेला. हशा पिकला.

"पण एकदा बसायला काय जातं?" एक बाई कुजबुजली.

"वर्षं जातात," सून म्हणाली. आता ती हसत नव्हती. "बायांनो, आधी काय घडलं आणि मागून काय, एवढं तरी विचारत जा. आणि मूल दोघांचं, तर तपासणीही दोघांची. अहो, चला."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाई अजून पदराने मागची बाजू झटकत होत्या. "जा रे बाबा," त्या म्हणाल्या.

तो तपासणीच्या खोलीत गेला. नर्सला विचारून सून निळ्या खुर्चीवर बसली. तिचे पाय दुखत होते.