पाचवं जहाज

मित्रांनो, मला वाट विचारू नका. मी एक जुना नकाशा आहे, युरोपातल्या एका किनाऱ्याचा, आणि माझ्यावरच्या निम्म्या वाटा आता कुठेच जात नाहीत. पण मी दिसतो छान, आणि जगात तेवढ्यावर पुष्कळांचं भागतं.

मला कोरणारा कारागीर मोठा चिकाटीचा माणूस. तांब्याच्या पत्र्यावर त्याने सगळा किनारा उलटा कोरला, म्हणजे कागदावर तो सुलटा उमटावा. शेवटी खाडीत जागा उरली, तिथे त्याने तांदळाएवढी चार जहाजं सोडली. खऱ्या खलाशांनी मला कधी हात लावला नाही. मी एका जाडजूड पुस्तकात होतो; कोणीतरी मला त्यातून काढलं, चौकटीत बसवलं आणि शोभेला टांगलं. असे हात बदलत मी एका चष्मेवाल्याकडे आलो. लग्नात त्याला सासऱ्यांनी दिलेल्या वस्तूंपैकी मी एकटाच टिकलोय, असं त्याची बायको म्हणते.

दुकानात मात्र मला काम मिळालं. अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकांना बसल्या बसल्या पाठ व्हायचा. मग चष्मेवाला त्यांना माझ्यासमोर उभं करून विचारायचा, "खाडीत जहाजं किती?" उत्तर पाच, असं तो धरून चालायचा. चार म्हणणाऱ्याला तो दुसरं भिंग लावी, मग तिसरं. शेवटी बिचारा कंटाळून पाच म्हणे. स्वतः चष्मेवाला आपला चष्मा कपाळावर ठेवून फिरायचा.

एक दिवस रफूवाल्या काकू आल्या. काकूंनी रफू केलेल्या कोटात फाटलेली जागा मालकालाही सापडत नसे. पण महिनाभर त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. कोट पाठवणाऱ्या शिंप्याला कळलं तर काम दुसरीकडे जाणार, म्हणून त्या गप्प होत्या. तक्ता त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला.

"काकू, मी अजून अक्षरावर बोट ठेवलेलं नाही," चष्मेवाला म्हणाला.

"मग ठेव की. कोणी अडवलंय?"

त्याने त्यांना माझ्यासमोर आणलं. "खाडीत जहाजं किती?"

"असतील दोन-तीन. माझं काय अडलंय जहाजांवाचून?"

"सुईवाचून तर अडतं ना?"

काकूंनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "दिसत नाही रे. महिना झाला."

त्याने एकामागून एक भिंगं बदलली. तिसऱ्या भिंगाला त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. "चार," त्या म्हणाल्या.

"पाच, काकू. नीट बघा."

त्यांचा चेहरा उतरला. चष्म्यानेही दिसणार नसेल, तर संपलंच सगळं. पण रफूची तीस वर्षांची सवय. त्या काचेला नाक लावून पुन्हा बघू लागल्या.

"हे पाचवं जहाज नव्हे, भोक आहे. तुझ्या नकाशाला कसर लागलीय. भोकं बघण्यात जन्म गेलाय माझा, मला शिकवू नकोस."

चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. जहाजं मोजली, आणि मला भिंतीवरून खाली काढलं.

चौकट उघडली तेव्हा आतून कागद खाणाऱ्या दोन कसरी सरसरत पळाल्या. अजून एखादं वर्ष गेलं असतं, तर माझी खाडीच उरली नसती. पुस्तकं बांधणाऱ्याने मला झटकून पुसलं, भोकाला मागून पातळ कागद लावला. ओल आलेली भिंत सोडून मी आता कोरड्या भिंतीवर आहे.

काकू दरवर्षी डोळे तपासायला येतात. आधी मला तपासतात, मग खुर्चीवर बसतात.

मित्रांनो, भिंतीवर जे टांगाल, ते वर्षातून एकदा खाली उतरवून पाठीकडूनही बघा. आणि दिसत नसेल, तर दिसत नाही म्हणा. काकूंनी तेवढं म्हटलं, म्हणून त्यांची सुई चालू आहे आणि माझी चारही जहाजं पाण्यावर आहेत.