लाँड्रीच्या गाडीचा डावा आरसा

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा फोन खिशात टाकला. एक तर मला लिहायची सवय नाही, मी लाँड्रीतली मशिनं दुरुस्त करतो, तीही व्हिडिओ बघून शिकलेला. आणि दुसरं म्हणजे या सगळ्यात मी काही फार हुशार दिसत नाही. पण पोंप्या म्हणाला, "लिही. फक्त मला जरा उंच दाखव." तर पोंप्या उंच आहे. पुढे.

पोंप्या आणि मी एकाच लाँड्रीत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, एप्रन. मी मागे मशिनांत, तो गाडीवर. गाडी म्हणजे पांढरा डबा. बाजूला निळ्या अक्षरांत लाँड्रीचं नाव, त्यातलं शेवटचं अक्षर उडालेलं. आत लोखंडी मांडण्या आणि साबणाचा असा वास, की दहा मिनिटं बसलं तर आपणच धुऊन निघाल्यासारखं वाटतं.

त्याला पोंप्या म्हणतात कारण तो प्रत्येक वळणावर दोनदा हॉर्न देतो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी पों पों. इस्त्रीवाल्या मावशींनी ठेवलेलं नाव. मला तो पाना म्हणतो, कारण माझ्या मागच्या खिशात कायम पाना असतो. एकदा तसाच बसलो आणि लाँड्रीच्या मालकीणबाईंच्या केबिनमधली नवी खुर्ची फाडली.

रविवारी आम्ही डब्या शोधायला जातो. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबी लपवतं. पुलाच्या कठड्यामागे, झाडाच्या ढोलीत, बाकाखाली लोहचुंबकाने चिकटवून. जागेचे आकडे नेटवर टाकतं. आपण फोन घेऊन जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदाच्या सुरळीवर नाव लिहायचं आणि होती तिथे परत ठेवायची. माझे बाबा अजून विचारतात, "मग मिळतं काय?"

"डबी."

"ती घरी आणता?"

"नाही, तिथेच ठेवतो."

मग ते आईकडे बघतात. आई म्हणते, "व्यसन तर नाही ना लागलं, जाऊ दे."

या खेळात माणसाच्या आधी गाडी ओळखू येते. एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची जीप बघायला हवी. टपावर शिडी, मागे फावडं, पुढे दोर ओढायची चरखी, टायर माझ्या कमरेएवढे. आणि चिखलाचा एक ठिपका नाही. चिखल दिसला की डॉक्टर जीप लांब लावतात आणि चालत जातात. एक नवरा-बायको स्कूटरवर येतात. स्कूटर दिसायच्या आधी त्यांचं भांडण ऐकू येतं. शववाहिनीवाले काका ड्यूटी संपवून तसेच येतात. त्यांनी गाडी कुठेही लावली तरी कुणी हटकत नाही. आणि मोजणीआजी. जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेल्या, वय त्र्याहत्तर, सायकल त्याहून थोडी लहान. आकडे फोनवर बघत नाहीत, घरूनच पाठ करून येतात.

आणि आम्ही, चादरींच्या गाडीतून. रविवारी गाडी न्यायला बाईंची परवानगी आहे, सोमवारी धुतलेली मिळाली पाहिजे एवढी एकच अट.

चालवायचं पोंप्याने. मी त्या गाडीचं इंजिन दोनदा अख्खं उतरवून परत बसवलंय, पण चालवायची म्हटलं की माझे हातपाय वेगवेगळे होतात. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास. दुसऱ्या वेळी तर रिव्हर्स घेताना परीक्षकांच्या खुर्चीलाच लागली. ते उठून उभे होते म्हणून बरं. तर मी डावीकडच्या सीटवर, मांडीवर फोन. आमची एक पद्धत पडली होती. वळण आलं की पोंप्या पायलटसारखा आवाज काढून विचारायचा, "डावं?" आणि मी म्हणायचो, "मोकळं!" मग पों पों, आणि वळायचं. मला ती गंमतच वाटायची. कधीपासून सुरू झाली ते आठवतही नव्हतं.

आता मुद्द्याचं. गाडीच्या मागच्या दारावर आम्ही एक नंबरची पट्टी चिकटवलीय. खेळातले बरेच जण चिकटवतात. त्या नंबराचं नेटवर एक पान असतं. रस्त्यात तुमची गाडी कुणाला दिसली की तो त्या पानावर नोंद करतो. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी दिसली. तीन वर्षांपूर्वी चिकटवली, पहिले काही महिने रोज बघितलं आणि मग विसरलो.

त्या रविवारी पाण्याच्या जुन्या टाकीजवळची डबी होती. मला पाचव्या मिनिटाला सापडली. पोंप्या गाडीतच बसून होता. हल्ली तो उतरतच नसे. "मी ड्रायव्हर आहे, ड्रायव्हर उतरत नाही," म्हणायचा, आणि मी त्याला आळशी म्हणायचो. परत आलो तर साहेब मान मागे टाकून डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते. कचरा गेला असेल. मी पायरीवर बसलो, आणि सहज, काहीतरी करायचं म्हणून, आमच्या गाडीचं पान उघडलं.

जुन्या नोंदी मजेच्या. "दवाखान्याच्या फाटकाशी दिसली. वासानेच ओळखली." "लाल सिग्नलला शेजारी होती, ड्रायव्हर जोरात गात होता, सूर नव्हता."

मग गेल्या वर्षापासूनच्या.

"मंडईच्या कोपऱ्यावर दिसली. डावा आरसा लोंबकळतोय, माहितीये ना?"

"पुलावर दिसली. माझ्या स्कूटरच्या फार जवळून गेली. मी डावीकडे होते. दादा, जरा जपून."

"पार्किंगमध्ये. दोन जागांत मिळून एक गाडी. डावीकडची रेघ बहुतेक आवडत नसावी."

आणि सगळ्यात वरची, चार दिवसांपूर्वीची, मोजणीआजींची. "शाळेच्या चौकात दिसली. मी डावीकडून सायकल हातात धरून चालले होते. हात केला, हाक मारली. तीन मीटरवरून गेला, ओळख दाखवली नाही. रागावलास का रे बाळा?"

मी परत पहिल्यापासून वाचलं. मग उठून गाडीच्या डाव्या बाजूला गेलो. त्या पत्र्यावरचा प्रत्येक पोचा मीच ठोकून काढला होता. डावा आरसा वर्षभरात मीच बसवला होता. तीनदा. "हॉटेलांची मागची फाटकं अरुंद असतात रे," तो म्हणायचा, आणि मी स्क्रू पिळायचो. उजव्या बाजूला एक ओरखडा नव्हता.

गाडीत बसलो. परतीला पहिलंच वळण आलं.

"डावं?"

मी गप्प.

"डावं?"

मी समोर बघत राहिलो. गाडी थांबली. मागून कुणीतरी हॉर्न दिला, मग आणखी एकाने. पोंप्याने मान वळवली. नुसती नजर नाही, अख्खी मान, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, आणि तसा तो बघत राहिला. डावीकडचा रस्ता पूर्ण रिकामा होता.

"पाना, बोल ना," तो म्हणाला. पायलटचा आवाज नव्हता.

"मोकळं," मी म्हणालो.

पुढे जाऊन त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"पोंप्या."

तो स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसायला लागला. काचबिंदू. आठ महिन्यांपूर्वी कळलं. डावा जवळजवळ गेलेला, उजवा अजून चांगला. थेंब घातले तर सांभाळता येईल असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवू नका असंही म्हणाले.

"ताईला माहितीये?" ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. दोघंच राहतात.

"ताईला सांगितलं तर ती आधी रडेल आणि मग किल्ली लपवेल."

"बरोबर करेल."

"मला दुसरं काय येतं रे? तुला सगळं येतं. तू व्हिडिओ बघतोस आणि तुला येतं. मला ही एक गोष्ट येते." मग म्हणाला, "एक महिना दे. मी स्वतः सांगतो बाईंना. आईशप्पथ."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच झालं. रविवारी त्याच्या डावीकडे मी असतो. सोमवार ते शनिवार त्या सीटवर टॉवेलांचा गठ्ठा असतो, आणि रस्त्यात शाळेचा चौक लागतो. रात्रभर मला मोजणीआजी दिसत होत्या, सायकल हातात धरलेल्या.

सकाळी मी त्याच्या आधी पोचलो आणि बॅटरीची वायर काढली.

तो आला, चढला, किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. उतरून बॉनेट उघडलं, बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"वायर लाव."

"नाही."

"मी लावतो."

"लाव. दहा नंबरचा पाना लागतो. तो माझ्या खिशात आहे."

"दवाखान्याच्या चादरी जायच्यात."

"जातील."

"तू माझा मित्र आहेस का कोण आहेस?"

मी म्हणालो, "मी तुझ्याबरोबर येतो. बाईंकडे. तू बोल, मी नुसता उभा राहतो."

तो गाडीच्या पायरीवर बसला. इस्त्रीवाल्या मावशी आत जाताना म्हणाल्या, "काय रे, आज पोंपों नाही वाजलं?" मग तो उठला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हातात पेन होतं, ते बंद केलं.

"आठ महिने," त्या म्हणाल्या. "आठ महिने तू माझ्या चादरी... चादरी गेल्या खड्ड्यात. कुणाच्या अंगावर गाडी गेली असती तर?"

"नाही गेली, बाई."

"त्यात तुझं काय कर्तृत्व?"

बाई खिडकीपाशी गेल्या, तिथून गाडी दिसते.

"कुठली चादर कुठल्या हॉटेलची, हे शिक्का न बघता या इमारतीत कुणाला कळतं?" त्यांनी विचारलं.

"मला," पोंप्या म्हणाला. "हाताला कळतं."

"मग आजपासून आत. चादरी वेगळ्या करायच्या टेबलावर. नवा ड्रायव्हर येईल, त्याला सगळी फाटकं तू दाखवायचीस. शेजारी बसून."

"डावीकडे?"

"दुसरी सीट आहे का त्या गाडीला?"

मला हसू आलं. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की मी बाहेर जाऊन वायर लावून आलो.

त्यानंतर पोंप्या माझ्याशी तेरा दिवस बोलला नाही. त्याचं टेबल माझ्या मशिनांपासून दहा पावलांवर. मी चहा नेऊन ठेवायचो, तो प्यायचा, कप धुऊन परत माझ्या कपाटावर ठेवायचा, पण शब्द नाही. एक रविवार तसाच गेला. मी घरी पंखा उघडला आणि परत लावला. आई म्हणाली, "डब्या संपल्या का?"

पुढच्या रविवारी सकाळी तो दारात. हातात एक कागद. आई "ये" म्हणेपर्यंत तो सरळ माझ्या खोलीत, आणि कागद माझ्या छातीवर आपटला. लायसन्सचा फॉर्म. माझं नाव, पत्ता, सगळं भरलेलं. फक्त सही बाकी.

"तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "आणि आता व्हिडिओ नाही बघायचे. आता मी शिकवणार."

शिकवतो तो भयंकर. ट्रक उभे राहतात त्या मोकळ्या मैदानात बाईंना विचारून गाडी मागवतो. नवा ड्रायव्हर तिथवर आणून देतो आणि लांब बसून शेंगा खातो. "क्लच म्हणजे काय दार आहे का लाथ मारायला?" "अरे, गाडी आहे ती, कुणाची सासू नाही, घाबरतोस काय!" मधेच डोळे मिटून बसतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, "दुसरा टाक. टाक रे!" मोजणीआजी एकदा सायकलवरून बघायला आल्या. पोंप्या उतरून त्यांच्या पाया पडला. त्या म्हणाल्या, "मला वाटलं चिडलास." तो म्हणाला, "आजी, तुम्ही हाक मारलीत ना, तेवढी ऐकली होती. कुठून आली ते कळलं नाही." आजींनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

गेल्या आठवड्यात मी पास झालो. परीक्षक तेच होते, या वेळी खुर्ची लांब ठेवली होती.

काल पहिल्यांदा मी गाडी घेऊन निघालो, तो डावीकडे. वळण आलं. सवयीने मीच विचारलं, "डावं?"

"मला काय विचारतोस? मान वळव की."

मी वळवली. मग दोनदा हॉर्न दिला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

डबी ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली होती. मला ती वाकल्याबरोबर दिसली, दगडाच्या फटीत हिरवं झाकण. पोंप्या दुसरीकडे चाचपत होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वीस मिनिटं लागली त्याला. सापडली तेव्हा असा ओरडला, की ओढ्यातली बदकं उडाली.

परत येताना तो म्हणाला, "उजवा पण गेला तर?"

"थेंब घालतोयस ना?"

"घालतोय. पण गेला तर?"

मी गाडी कडेला घेतली. नीट घेतली, रेघेच्या आत. आणि त्याला म्हणालो, "तरी रविवारी निघायचं. गाडी मी नेईन, तुला जागेवर मी उभा करीन. पण डबीला हात लावणार नाही, कुठे आहे ते सांगणारही नाही. दोन तास लागले तरी. शोधायची तूच."